ट्रफाल्गरची आरमारी लढाई (१८०५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढाई कधी, कुठे आणि कोणाकोणात झाली?

सोमवार, २१ ऑक्टोबर १८०५. स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर काडिझ बंदर आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी यांच्यामध्ये ट्रफाल्गर नावाचे भूशिर आहे. त्याच्या पश्चिमेला, खुल्या समुद्रात ही लढाई झाली. ब्रिटिशांकडे २७ मोठी लढाऊ जहाजे होती आणि सरसेनापती होता होरेशियो नेल्सन. समोर फ्रान्सची १८ आणि स्पेनची १५ अशी ३३ जहाजे होती. त्यांचा प्रमुख फ्रेंच अ‍ॅडमिरल व्हिलनव्ह, तर स्पॅनिश ताफ्याचा प्रमुख ग्राविना. तोफांचा हिशेब केला तर ब्रिटिशांकडे सुमारे २,१५० आणि फ्रेंच-स्पॅनिश मित्रपक्षाकडे अडीच हजारांहून जास्त. म्हणजे कागदावर ब्रिटिशांची बाजू हलकी होती. संध्याकाळपर्यंत मित्रपक्षाने १८ जहाजे गमावली, ब्रिटिशांनी एकही नाही.

या लढाईमुळे इंग्लंडवरची स्वारी टळली ना?

नाही. हा समज फार पसरलेला आहे, पण तारखा त्याच्या विरोधात जातात. इंग्लिश खाडीपलीकडे बुलोनला जमवलेली फौज नेपोलियनने ऑगस्टच्या अखेरीसच पूर्वेकडे वळवली होती. लढाईच्या आदल्या दिवशी, २० ऑक्टोबरला, तिकडे उल्मला ऑस्ट्रियाची फौज त्याच्यापुढे शस्त्रे टाकत होती. व्हिलनव्हला हुकूम होता तो भूमध्य समुद्रात शिरून नेपल्सच्या बाजूला सैन्य उतरवायचा. त्यातच आपल्या जागी रोझिली येतोय ही बातमी त्याच्या कानावर आली. बदलीचा कागद हातात पडण्याआधीच त्याने नांगर उचलले.

लढाईचा खरा परिणाम पुढच्या काळात दिसला. नेपोलियनशी युद्धाची उरलेली दहा वर्षे ब्रिटिश आरमाराला भर समुद्रात तोलामोलाचे आव्हान मिळाले नाही.

‘रांगेतले जहाज’ म्हणजे काय?

त्या काळी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला जेमतेम दोन-चार. म्हणून आरमारे एकामागे एक रांग धरत आणि शत्रूला कूस दाखवून मारा करत. या रांगेत टिकाव धरेल एवढे मोठे ते रांगेतले जहाज. साधारणपणे ६४ तोफांपासून पुढे. सगळ्यात रुळलेला नमुना दोन मजली, ७४ तोफांचा. स्पेनचे हवानात बांधलेले सांतीसिमा त्रिनिदाद तर चार मजली होते आणि त्यावर १३० हून जास्त तोफा होत्या. दिसायला डोंगर, वळवायलाही डोंगरच.

नेल्सनचे व्हिक्टरी तीन मजली होते. त्यावरच्या १०४ तोफांची मांडणी अशी: तळमजल्यावर ३२ पौंडी ३०, मधल्या मजल्यावर २४ पौंडी २८, वरच्या मजल्यावर १२ पौंडी ३०, उघड्या डेकवर आणखी १४ बाराच्या, आणि नाळेकडच्या डेकवर ६८ पौंडी गोळ्याच्या दोन आखूड, रुंद तोंडाच्या तोफा. या आखूड तोफांना कॅरोनेड म्हणत. पौंडाचा आकडा तोफेचा नव्हे, गोळ्याच्या वजनाचा. बत्तीस पौंडी गोळा म्हणजे साडेचौदा किलो लोखंड.

नेल्सनची योजना नेमकी काय होती?

त्याने ती ९ ऑक्टोबरच्या लेखी टिपणात कॅप्टनांना कळवली होती. शत्रूला समांतर रांग लावायची नाही. दोन रांगांनी त्याच्या रांगेवर काटकोनात चालून जायचे, ती मध्ये आणि मागे फोडायची, आणि आघाडीची जहाजे मागे वळून मदतीला येण्याआधी उरलेल्यांचा निकाल लावायचा. एक रांग त्याची, दुसरी त्याचा दुय्यम सेनापती कॉलिंगवुड याची. कॉलिंगवुडकडे १५ जहाजे होती. धुरात निशाणे दिसणार नाहीत हे गृहीत धरून त्याने पुढे लिहिले होते की, ज्या कॅप्टनने आपले जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवले त्याचे फारसे चुकणार नाही.

रांग फोडण्याची कल्पना नेल्सनची नव्हती. आधीच्या लढायांत ती वापरून झाली होती. व्हिलनव्हनेही आपल्या कॅप्टनांना आधीच बजावले होते की, नेल्सन समांतर लढणार नाही, तो आपली पिछाडी घेरेल. म्हणजे योजना शत्रूला ठाऊक होती, तरी तो ती थांबवू शकला नाही. ट्रफाल्गरचे मर्म इथे आहे. डावपेचावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. आमच्या मते निकाल लावला तो तोफ भरण्याच्या सरावाने.

काटकोनात चालून जाण्यात धोका काय होता?

मोठा होता. समोरून जाताना आपल्या कुशीच्या तोफा निकामी, आणि शत्रूची अख्खी कूस आपल्यावर रोखलेली. त्या दिवशी वारा पश्चिम-वायव्येचा, अगदी मंद. वेग तासाला दोन-तीन नॉटिकल मैल, म्हणजे माणसाच्या चालीचा. पहाटे शत्रू दिसला आणि पहिला गोळा सुटला दुपारी बाराच्या सुमारास. सहा तास दोन्ही बाजू एकमेकांकडे नुसत्या सरकत होत्या.

शेवटच्या टप्प्यात व्हिक्टरीने पाऊण तासाच्या आसपास उत्तर न देता मार खाल्ला. सुकाणूचे चाक उडाले. मग खालच्या मजल्यावर चाळीसएक माणसे लावून सुकाणूचा दांडा हाताने ओढावा लागला. नेल्सनचा सचिव जॉन स्कॉट डेकवरच ठार झाला. जहाज तोफेला बत्ती देण्याआधीच पन्नासएक माणसे पडली होती.

मग हा जुगार साधला कसा? एक कारण समुद्रच होते. पश्चिमेकडून लांब लांब लाटा येत होत्या. ब्रिटिशांना त्या पाठीमागून लागत होत्या. मित्रपक्षाची जहाजे उत्तरेकडे तोंड करून होती, त्यांना त्याच लाटा कुशीवर बसत होत्या आणि जहाजे डावी-उजवीकडे झोके घेत होती. गोळे कधी पाण्यात, कधी शिडांवरून पलीकडे. त्यात सकाळी आठच्या सुमाराला व्हिलनव्हने सगळ्या ताफ्याला काडिझकडे तोंड फिरवायला सांगितले होते. एवढ्या मंद वाऱ्यात त्या वळण्याने रांग वाकडीतिकडी झाली: कुठे तीन जहाजे एकावर एक, कुठे मोकळे भगदाड.

पिछाडीतून मारा इतका घातक का?

जहाजाच्या कुशी ओकच्या जाड थरांच्या. व्हिक्टरीची कूस पाण्याच्या रेषेजवळ सुमारे दोन फूट जाड आहे. पिछाडीला मात्र अधिकाऱ्यांच्या खोल्या, काचेच्या खिडक्या आणि नक्षीकाम. तिथून आत शिरलेल्या गोळ्याला अडवायला आडवी भिंत नसते, कारण लढाईआधी मधले लाकडी पडदे काढून ठेवलेले असतात. गोळा मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि वाटेतल्या तोफा, गाडे, माणसे सगळे घेऊन जातो.

पाऊण-एकच्या सुमारास व्हिक्टरी व्हिलनव्हच्या ब्यूसांतोरच्या अगदी पाठीमागून गेले. पहिला बार नाळेकडच्या डाव्या ६८ पौंडीने दिला: एक गोळा आणि वर बंदुकीच्या ५०० गोळ्यांनी भरलेले पिंप. मागोमाग कुशीच्या तोफा, खिडकी समोर येईल तशी एकेक. पाठून नेपच्यून आणि कॉन्करर आले. व्हिलनव्ह शेवटी कॉन्कररच्या माणसांच्या हाती लागला.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटू नये. आंग्र्यांच्या गुराबा गलबतांनी ओढून कंपनीच्या जहाजांच्या पिछाडीला आणल्या जात, ते याच हिशेबाने.

एक तोफ डागायला नेमके काय काय करावे लागे?

बत्तीस पौंडी तोफ एकटीच पावणेतीन टनांची, गाडा वेगळा. तिच्यावर डझनभर माणसे. एक बार उडाल्यापासून पुढचा उडेपर्यंतचा क्रम असा:

ओल्या बोळ्याच्या दांड्याने नळी पुसायची. हे काम चुकले किंवा बोळा कोरडा राहिला तर आत धुमसणारा चिंधीचा तुकडा पुढच्या दारूला पेटवतो आणि भरणाऱ्याचा हात जातो. पुसताना आणि ठासताना एकाने तोफेचा कान, म्हणजे बत्ती देण्याचे भोक, अंगठ्याने दाबून धरायचा, म्हणजे आत हवा खेळत नाही.

मग फ्लॅनेलची दारूची पिशवी. पूर्ण मात्रा गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाची, ३२ पौंडीला पावणेपाच किलोच्या आसपास. पिशव्या तळाच्या कोठीतून पोरे आणत, एका वेळी एकच. कोठीच्या दारावर जाड लोकरीचे भिजवलेले पडदे. ठिणगी आत गेली तर जहाज गेलेच. पिशवीवर दोरांचा बोळा, मग गोळा, मग पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणी. शेवटचा बोळा यासाठी की झोक्यात गोळा पुढे घरंगळू नये. दारू आणि गोळा यांच्यात पोकळी राहिली तर तोफ फुटते.

नंतर कप्प्यांच्या दोरांनी तोफ खिडकीबाहेर ओढायची. कानातून सळई घालून पिशवी टोचायची, कानावर रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालायची. पहारीने गाडा डावी-उजवीकडे सरकवायचा, बुडाखालच्या लाकडी पाचरीने तोंड वर-खाली करायचे. मग बार.

तोफ मागे उसळते ती गाड्यासकट. तिला आवरतो एक जाड दोरखंड, दोन्ही टोके जहाजाच्या कुशीला पक्की. मागे उभा राहिलेला माणूस वाचत नाही. तासाभराने तोफ तापली की ती जास्त उसळते, दोरखंड तुटण्याची भीती वाढते. म्हणून अनुभवी तोफखाने पुढे पुढे दारू कमी घालत. जवळच्या अंतरावर तसेही पूर्ण मात्रेची गरज नसते. उलट मंदावलेला गोळा लाकूड फोडताना जास्त ढलप्या उडवतो, आणि माणसे मरतात ती बहुतेक त्या ढलप्यांनी.

मग दोन्ही बाजूंत फरक कशात होता?

वेळेत. तयार ब्रिटिश तोफखाना दीड-दोन मिनिटांत पुढचा बार देई. ड्रेडनॉट जहाजावर कॉलिंगवुडने सरावाने साडेतीन मिनिटांत तीन सरबत्त्यांपर्यंत माणसे तयार केली होती. मित्रपक्षाच्या बहुतेक जहाजांना याच्या दुप्पट वेळ लागे. तीस मीटरवर उभ्या दोन जहाजांत हा फरक अर्ध्या तासात काय करतो ते हाताच्या बोटांवर मोजता येते.

दुसरी गोष्ट चापाची. ब्रिटिश तोफांवर गारगोटीचे चाप होते. दोरीला हिसका दिला की बार. नेमबाज तोफेमागे सुरक्षित अंतरावरून नजर लावून, जहाज झोक्यात खाली येताना, शत्रूच्या कुशीवर गोळा टाकू शके. मित्रपक्षाकडे बऱ्याच तोफांना अजून जामगी, म्हणजे जळती दोरीच, लावत. जामगी टेकवणे आणि बार उडणे यांत क्षणभराचे अंतर पडते. तेवढ्यात लाट जहाजाचा कल बदलते.

आणि सराव का नव्हता? कारण ब्रिटिशांनी त्यांना वर्षानुवर्षे बंदरांत कोंडून ठेवले होते. नांगरलेल्या जहाजावर झोक्याचा सराव होत नाही. अंदालुसियात १८०४ साली पीतज्वराची साथ येऊन गेली होती. स्पॅनिश जहाजांवर खलाशी कमी पडले म्हणून पायदळाचे शिपाई आणि रस्त्यावरून धरून आणलेली माणसे भरली होती.

फ्रेंच-स्पॅनिश नीट लढलेच नाहीत, असे म्हणतात ते खरे का?

अजिबात नाही. ७४ तोफांच्या रेदूताब्लचा कॅप्टन ल्यूका याने आपली माणसे बंदूक, हातबाँब आणि शत्रूच्या जहाजावर उडी घेणे यांत तयार केली होती. तोफांत आपण हरणार हे ओळखून त्याने लढाईच बदलली. व्हिक्टरीचा वरचा डेक त्याने जवळजवळ रिकामा केला. तेवढ्यात दुसऱ्या कुशीला टेमरेर भिडले नसते तर काय झाले असते कोण जाणे. शरण येईतो त्याच्या सुमारे ६४० माणसांपैकी ५०० हून जास्त पडली होती. स्पॅनिश कॅप्टन चुरुका आणि गालियानो आपापल्या जहाजांवर लढता लढता गेले. ग्राविना जखमी होऊन परतला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच जखमेने वारला.

नेल्सनने मुद्दाम चमकदार गणवेश घालून मरण ओढवून घेतले का?

त्याच्या अंगावर रोजचाच कोट होता; त्यावर मानचिन्हांच्या चांदण्या शिवलेल्या होत्या, आणि त्या त्याच्या कोटांवर नेहमीच असत. सव्वाच्या सुमारास रेदूताब्लच्या मागच्या डोलकाठीवरच्या माचीतून, पंधराएक मीटरवरून गोळी आली. डाव्या खांद्यातून शिरली, फुप्फुस भेदून कण्यात रुतली. साडेचारच्या सुमाराला तो गेला. साध्या नळीच्या बंदुकीने, धुरात, हलत्या माचीवरून नेमका माणूस टिपणे अवघडच. कदाचित त्या डेकवर दिसेल त्यावर गोळ्या चालू असतील. तो कोट ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे, खांद्यावरच्या भोकासकट.

देह रममध्ये ठेवला ही मागाहूनची दंतकथा. शल्यवैद्य विल्यम बीटी याने ब्रँडीच्या पिंपात ठेवला. ९ जानेवारी १८०६ रोजी लंडनला सेंट पॉल्समध्ये दफन झाले.

‘इंग्लंडची अपेक्षा आहे…’ हा संदेश निशाणांनी कसा दिला?

लढाईआधी नेल्सनने ताफ्याला दिलेला हा संदेश: इंग्लंडची अपेक्षा आहे की प्रत्येक माणूस आपले कर्तव्य करील. तो दिला पॉपम या नौदल अधिकाऱ्याच्या संकेतकोशाने. नेहमीच्या प्रत्येक शब्दाला एक तीन आकडी क्रमांक, आणि प्रत्येक आकड्याला एक निशाण. ‘इंग्लंड’ म्हणजे २५३. नेल्सनला ‘खात्री बाळगते’ अशा अर्थाचा शब्द हवा होता. तो कोशात नव्हता, एकेक अक्षर फडकवावे लागले असते. संकेत-अधिकारी पास्को याने ‘अपेक्षा करते’ सुचवले, क्रमांक २६९. ‘कर्तव्य’ हा शब्दही कोशात नव्हता, त्याची चार अक्षरे वेगवेगळी चढवली: ४, २१, १९, २४. आठ शब्द आणि चार अक्षरे मिळून बारा वेळा निशाणे चढली, एकूण ३१. कॉलिंगवुड यावर कुरकुरला, अशी आठवण सांगतात: काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे, आता निशाणे पुरेत.

लढाईत किती जहाजे बुडाली?

प्रत्यक्ष लढाईत तोफांच्या माराने एकही नाही. लाकूड तरंगते, आणि पाण्याखाली पडलेली भोके सुतार आतून बुजवत राहतात. फ्रेंच आशील आगीने पेटून संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास स्फोटाने फुटले, ते एकच नष्ट झाले. बाकी १७ पकडली गेली. जहाज हरते ते डोलकाठ्या कोसळून आणि माणसे संपून.

फ्रेंच आघाडी मदतीला का आली नाही?

दुमान्वारकडे आघाडीची दहाएक जहाजे होती. हुकूम मिळूनही वळायला वारा नव्हता. होड्या उतरवून जहाजांची तोंडे ओढून फिरवावी लागली. तो दक्षिणेकडे पोचला तोवर निकाल लागला होता. चार जहाजे घेऊन तो निसटला. ४ नोव्हेंबरला ओर्तेगाल भूशिराजवळ स्ट्रॅकनने चारही पकडली.

पकडलेली १७ जहाजे इंग्लंडला नेली का?

नाही, इथे विजयाची किंमत चुकवावी लागली. मरताना नेल्सन नांगर टाका असे सांगत होता, कारण लांब लाटा वादळाची वर्दी देत होत्या आणि वाऱ्याखाली उथळ किनारा होता. कॉलिंगवुडने लगेच नांगर टाकला नाही. यासाठी त्याला दोष दिला जातो, पण कित्येक जहाजांचे नांगर किंवा दोरखंड गोळ्यांनी तुटले होते. ज्यांना नांगरताच येत नव्हते त्यांना हुकूम देऊन काय होणार? वादळ जवळपास आठवडाभर चालले. रेदूताब्ल दुसऱ्याच रात्री बुडाले, ब्यूसांतोर खडकांवर गेले, सांतीसिमा त्रिनिदाद बुडाले. २३ तारखेला फ्रेंच कॅप्टन कोस्माओ काडिझहून बाहेर पडला आणि सांता आना व नेप्तुनो सोडवून घेऊन गेला. आल्जेसिरासच्या कैदी खलाशांनी आपले जहाज स्वतःच परत घेतले. जिब्राल्टरला शेवटी चार पोचली.

किती माणसे मेली?

ब्रिटिशांचे सुमारे ४५० ठार, १,२०० जखमी. मित्रपक्षाचे मृत तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. यात वादळात बुडालेले जखमी आणि कैदीही आहेत.

बातमी लंडनला कधी पोचली?

सोळा दिवसांनी. पिकल हे छोटे जहाज ४ नोव्हेंबरला फॅलमथला लागले. तिथून लेफ्टनंट लापेनोतिएरने घोडागाडीने, २१ वेळा घोडे बदलत, ६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर नौदल मुख्यालय गाठले.

महाराष्ट्राशी या लढाईचा काही संबंध आहे का?

थेट नाही, ट्रफाल्गरला मुंबईत बांधलेले एकही रांगेतले जहाज नव्हते. दोन धागे मात्र खरे आहेत. सप्टेंबर १८०५ मध्ये लंडनच्या एका सरकारी कचेरीच्या बैठकीच्या खोलीत नेल्सनची एका सेनापतीशी गाठ पडली, आयुष्यात एकदाच. तो होता असई आणि अडगावला मराठ्यांशी लढून नुकताच परतलेला आर्थर वेलस्ली.

दुसरा धागा सागवानाचा. युद्ध लांबले तसा इंग्लंडात ओक कमी पडू लागला आणि मुंबई गोदीचे दिवस आले. १८१० साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी ७४ तोफांचे मिंडेन पाण्यात सोडले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेले ब्रिटिश नौदलाचे हे पहिले रांगेतले जहाज. मलबारच्या सागाचा गुण असा की ओकसारखे त्यातले आम्ल लोखंडी खिळे खात नाही. १८२४ साली मुंबईतच ८४ तोफांचे एशिया तयार झाले. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसमध्ये नावारिनोला, निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेल्या शेवटच्या मोठ्या लढाईत, ते अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टनचे ध्वजजहाज होते. हाच कॉड्रिंग्टन ट्रफाल्गरला ओरायनचा कॅप्टन होता.

आज काय पाहता येते?

व्हिक्टरी पोर्ट्समथला कोरड्या गोदीत आहे. मोठी दुरुस्ती चालू असल्याने डोलकाठ्या आणि बाहेरचा भाग जसा चित्रात दिसतो तसा मिळेलच असे नाही. खालचे तोफमजले पाहण्यासारखे आहेत, मात्र मान वाकवून चालावे लागते. मुंबईत १८१७ साली बांधलेली सागवानी फ्रिगेट त्रिंकोमाली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे. आणि पोर्ट्समथलाच व्हिक्टरीचे त्या दिवशीचे पुढच्या डोलकाठीवरचे शीड जपून ठेवले आहे: त्याला नव्वदच्या आसपास भोके आहेत.